आन् खोल किती?

कासारवाडीच्या नथूतात्यांना कुठलंही माप सांगा, त्यावर त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असायचा: "आन् खोल किती?"

दिघीला एका लग्नात मुलीचा बाप मोठ्या ऐटीत सांगत होता, की मांडव चाळीस बाय साठ घातलाय. तात्यांनी मुंडासं सारखं केलं आणि विचारलं, "आन् खोल किती?" मुलीचा बाप मान वर करून मांडवाच्या छताकडं बघू लागला. भोसरीहून आलेला कुणी सांगू लागला, की रस्ता आता वीस फुटी होणार, तर तात्या म्हणाले, "आन् खोल किती?" शेजारच्या म्हातारीनं नातवासाठी गोधडी शिवली होती, सहा बाय तीन. तात्यांनी तिलाही सोडलं नाही. "अरं मेल्या, गोधडीला खोल कुठं आसतंय?" म्हातारी करवादली. तात्यांनी गोधडीची कड चिमटीत धरली, डोळे बारीक केले आणि "बोटभर हाय" असा निकाल दिला.

ही गोष्ट नवे पैसे नुकतेच आले होते तेव्हाची. मी वाईकडचा. नोकरीसाठी इकडं आलो आणि तात्यांच्या घराची मागची खोली भाड्यानं घेतली. खोली दहा बाय नऊ. पहिल्याच दिवशी मी कुरकुरलो, की जागा फार कमी आहे. तात्या दारात उभे होते. म्हणाले, "वर बगा की. आठ फूट मोकळं पडलंय. जमीन मानसाला, वरलं सामानाला." आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी माझी ट्रंक सुंभानं आढ्याला टांगली. तिसऱ्या दिवशी ट्रंक खाली आली. मी तेव्हा ऑफिसात होतो म्हणून हे लिहितोय.

तात्यांचं वय पासष्टीच्या आसपास. मूलबाळ नाही. बायको, हौसाबाई, मी यायच्या आधी चार वर्षं वारलेली. घरात दोन भांडी, एक कांबळं, पडवीत खुंटीला टांगलेली शेणानं सारवलेली एक जुनी बांबूची पाटी, आणि एक पहार. माणसं उतारवयात काठी घेतात, तात्यांनी पहार घेतली होती. तिच्यावर त्यांनी लोहाराकडून कानशीनं अर्ध्या अर्ध्या फुटावर खुणा पाडून घेतल्या होत्या. जाईल तिथं ते ती जमिनीत घालायचे, दोन्ही हातांनी दाबायचे, आणि टणक लागलं की खूण वाचायचे. देवळामागं दीड फूट माती. शाळेपाशी फूटभर. स्टेशनापाशी काहीच नाही, नुसता मुरूम. दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या गुलाबाच्या वाफ्यातही त्यांनी एकदा पहार घातली होती. गुलाब गेला. तात्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "नऊच इंच माती हाय. तसा बी जगला नसता."

एकदा ते दिघीच्या बाजूला भटकत गेले आणि लष्कराच्या हद्दीत पहार घालताना पहारेकऱ्याला सापडले. त्यांना सोडवून आणायला मला जावं लागलं. मी पोचलो तेव्हा तात्या साहेबांसमोर स्टुलावर बसून चहा पीत होते आणि साहेब अगदी थकल्यासारखे दिसत होते. मला पाहून साहेब म्हणाले, "ह्यांना घेऊन जा. हे मलाच विचारतायत, आमचा खंदक खोल किती."

मी तेव्हा हसलो होतो. ऑफिसात, गाडीत, चहाच्या दुकानात मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसले. आता तो लिहिताना तितकंसं हसू येत नाही, पण सांगितल्याशिवाय तात्या तुम्हाला कळायचे नाहीत.

माझी नोकरी म्हणजे खड्डे मोजणं. कासारवाडी आणि भोसरीच्या मध्ये एक मोठा कारखाना यायचा होता. कशाचा, ते आम्हा कारकुनांनाही कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्याच्या पायाचं खोदकाम एका कंत्राटदाराकडं होतं आणि मी त्या कंत्राटदाराकडं होतो. मजुरांनी खणलेल्या खड्ड्यात टेप घेऊन उतरायचं, लांबी, रुंदी आणि खोली घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि मापाच्या वहीत घनफूट लिहायचे. शंभर घनफूट झाले की एक ब्रास. दिवसाकाठी मी वीसेक खड्ड्यांत उतरत असे आणि वीसेक खड्ड्यांतून वर येत असे. संध्याकाळी अंघोळ करताना वाटायचं, की मॅट्रिकला गणितात पहिला आलो त्याचं हे फळ. आयुष्यात आणखी काही होईल अशी आशा मी त्याच सुमाराला सोडली.

तात्यांना मात्र माझ्या नोकरीचं फार अप्रूप. एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, तुमी खड्डा मोजता तो कसा?"

मी सांगितलं, की तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा असेल तर तो सत्तावीस घनफूट होतो.

"सत्तावीस? तीन, तीन आन् तीन नऊ व्हत्यात."

"बेरीज नाही तात्या, गुणाकार."

त्यांना ते पटलं नाही. पटलं नाही की तात्या भांडत नसत, करून बघत. ते सुताराकडं गेले आणि दोन खोकी करून आणली. एक फूटभराचं आणि दुसरं दुप्पट, म्हणजे तिन्ही बाजूंनी दोन-दोन फुटांचं. मग ओढ्याची वाळू आणली आणि लहान खोक्यानं मोठं भरायला बसले. दोन ओतली. मोठं जेमतेम पाव भरलं. तिसरं, चौथं. चौथ्यानंतर ते थांबले, कारण मोठं खोकं निम्मंच भरलं होतं. आठव्याला ते काठोकाठ झालं. तात्या उठले ते तडक सुताराला हाताला धरून घेऊन आले.

"दुप्पट सांगितलं व्हतं. आठपट कशापायी केलंस?"

सुतार चिडला. त्यानं फूटपट्टी काढली. लांबी दोन, रुंदी दोन, उंची दोन. "कुटं चुकलं दाव," तो म्हणाला. तात्यांनी स्वतः पट्टी लावून तिन्ही बाजू मोजल्या. कुठंच चुकलं नव्हतं. सुतार पुटपुटत निघून गेला आणि तात्या त्या दोन खोक्यांसमोर दुपारभर बसून राहिले. मी समजावलं, की लांबी दुप्पट केली की दोन, रुंदीही केली की चार, आणि उंचीही केली की आठ.

"म्हंजी नुसतं वरनं बगून कळायचं न्हाई, आत किती हाय ते."

"नाही कळायचं."

ते उठले, खुंटीवरची ती जुनी पाटी काढली आणि तिनं वाळू घेऊन लहान खोक्यात ओतू लागले. दोन पाट्यांत खोकं भरलं. तात्यांनी पाटी झटकली, आतून पुसली आणि परत खुंटीला लावली. मी मदतीला हात पुढं केला तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला.

"एका पाटीत आर्धा," ते म्हणाले. "आर्धा घनफूट." हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला.

पुढच्याच महिन्यात तात्यांच्या रानाची मोजणी झाली. ओढ्याकाठचे त्यांचे दहा गुंठे कारखान्याच्या आखणीत गेले होते. ते रान गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा उघड्या मुरमाचा तो तुकडा तात्यांच्या वाट्याला आला, आणि त्यावर कुसळसुद्धा उगवत नाही म्हणून भाऊ हसले होते. तात्यांनी ओढ्याच्या तळातला काळा गाळ आणून त्यावर पसरला. ओढ्याचा काठ इतका उभा, की बैलगाडी चढत नाही. सगळा गाळ पाटीपाटीनं वर आला. अठरा उन्हाळे ते काम चाललं होतं. मी पाहिलं तेव्हा त्या दहा गुंठ्यांत गुडघाभर हरभरा होता आणि आजूबाजूला सगळा पांढरा मुरूम होता.

मोजणीवाले तेहेतीस फुटी साखळी घेऊन आले. त्यांनी चारी बाजू मोजल्या आणि कागदावर लिहिलं: दहा गुंठे. तात्या पहार घेऊन त्यांच्या मागोमाग हिंडत होते.

"आन् खोल किती?"

"जमिनीला खोल नसतं बाबा," मोजणीवाला म्हणाला. "जमीन म्हणजे लांबी आणि रुंदी. बास."

"मंग माती?"

"ती जमिनीबरोबर येते."

सगळ्यांना वाटलं, म्हातारा भाव वाढवून मागतोय. पण तात्यांनी कागदांवर कधीच अंगठा उठवला होता, एका शब्दानंही घासाघीस न करता. ते मला म्हणाले, "पैशाचं काय करू? म्यां एकटा. मला निस्ता मातीचा आकडा पायजेल. कागदावर."

"कशाला पण?"

"पायजेल," एवढंच ते म्हणाले.

आकडा मिळायला मुदत होती. पावसाळ्याआधी ती वरची माती काढून टाकायचं ठरलं होतं, कारण पाया मुरमावर घालायचा होता. एकदा माती हलली की कोण मोजणार आणि काय? तात्यांना हे माझ्याइतकंच कळत होतं. ते रोज आमच्या ऑफिसात येऊ लागले. ओव्हरसियरसाहेबांच्या टेबलासमोर पहार टेकवून उभे राहायचे. साहेब भला माणूस, त्यांनी फॉर्म काढून दाखवला. "हे बघा आजोबा, गट नंबर, क्षेत्र, हद्द. खोलीचा रकानाच नाही इथं."

"मंग आखा की," तात्या म्हणाले. "पट्टी हाय तुमच्यापाशी."

ऑफिस हसलं. मीही हसलो, आणि मला वाटतं सगळ्यांत मोठ्यानं हसलो, कारण ते माझ्या ओळखीचे आहेत हे साहेबांना कळू नये असं मला वाटत होतं.

त्या संध्याकाळी तात्या माझ्या दाराशी आले. "त्यांच्याकडं रकाना न्हाई. तुमच्या वहीत तर हाय. लांबी, रुंदी, खोल, तिनी हायती. तुमी लोकांचं खड्डं मोजता, माजं बी मोजा."

मी म्हणालो, की ते आमच्या कामात बसत नाही. म्हणालो, साहेब रागावतील. मग त्यांचा चेहरा पाहवेना म्हणून म्हणालो, बघू, येत्या रविवारी. त्या रविवारी माझं डोकं दुखत होतं. त्याच्या पुढच्या रविवारी मी वाईला गेलो. असे पाच रविवार गेले. मी भित्रा माणूस आहे आणि भित्र्या माणसाला रविवार फार सोयीचे पडतात. तात्या एकदाही रागावले नाहीत. दर शनिवारी संध्याकाळी पहार घासूनपुसून भिंतीला लावून ठेवायचे आणि रविवारी सकाळी पडवीत तयार होऊन बसायचे. मी आतून कडी लावून त्यांच्या खोकण्याचा आवाज ऐकत पडायचो. हे लिहायला मला आजही लाज वाटते.

सहाव्या शनिवारी ओव्हरसियरसाहेबांनी सांगितलं, सोमवारपासून ओढ्याकडचा भाग साफ करायचा. बुलडोझर येतोय. वरची काळी माती लॉरीतून नेऊन सायकल स्टँडच्या सखल जागेत भरायची. मी विचारलं, "साहेब, ती माती चांगली आहे हो. भरावालाच घालायची?" साहेब म्हणाले, "माती ती माती. खड्डा भरल्याशी कारण."

घरी येऊन मी तात्यांना सांगितलं. ते तसेच उठले. भिंतीची पहार घेतली, खुंटीची पाटी काढली, आणि दोन्ही दाराशी आणून ठेवली. रविवारी उजाडताच मी ऑफिसची वही, टेप आणि एक कुदळ घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. वही अशी बाहेर नेणं गुन्हा होता. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. बहुतेक माझी भीती त्या पाच रविवारांतच वापरून संपली होती.

हरभरा कधीच निघाला होता, रान मोकळं होतं. आम्ही सात ठिकाणी खणलं. कुदळ काळ्या मातीत निमूट उतरायची आणि खाली मुरमाला लागली की खण्ण वाजायची. काळं आणि पांढरं जिथं भेटायचं तिथं रेघ ओढल्यासारखी हद्द होती. ओढ्याकडच्या खड्ड्यात एक फूट नऊ इंच भरलं. मधे दीड फूट. सगळ्यांत लांबच्या बांधाशी सव्वा फूटच.

त्या लांबच्या खड्ड्याशी तात्या उकिडवे बसले. "हितं कमीच पडली," ते म्हणाले. "हितवर यायचं म्हंजी तिला लांब पडायचं."

मी वर पाहिलं. इतक्या दिवसांत 'तिला' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"हौसाबाईंना?"

"व्हय. म्यां ओढ्यात खणायचो, पाटी भरून तिच्या डोईवर द्यायचो. वाहून न्यायची ती. सांजच्याला पाटी उतरवून हितं हुबी ऱ्हायची. म्यां पहार घालायचो. ती इचारायची, 'आन् खोल किती?' रोज. म्यां म्हनायचो, 'अजून न्हाई.'" त्यांनी काळं ढेकूळ बोटांत चुरलं. "अठरा वर्सं तिनं इचारलं आन् अठरा वर्सं म्यां म्हनलं, अजून न्हाई."

मी टेप गुंडाळत होतो. तो माझ्या हातात तसाच राहिला.

"शेवटच्या साली मान धरायची तिची. येक दिस पाटी खाली टाकली आन् म्हनली, 'आवं, आजवर किती पाट्या झाल्या आसतील?' हसत म्हनली. म्यां म्हनलं, 'मोजून काय करायचंय? उन्हं उतरली, चल.' त्याच आखाडात गेली. आकडा सांगायचा ऱ्हायला तिला."

लग्नातल्या मांडवाला, रस्त्याला, गोधडीला आणि लष्कराच्या खंदकाला तात्यांनी विचारलेला तो प्रश्न मुळात त्यांचा नव्हताच. ज्याच्यावर मी वर्षभर लोकांना हसवलं तो तिचा होता. मला तिथं फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी जे करतो तेच केलं. वही उघडली.

बांधावर बसून मी गणित मांडलं. एक गुंठा म्हणजे तेहेतीस गुणिले तेहेतीस, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे दहा हजार आठशे नव्वद. खोली सरासरी दीड फूट. झाले सोळा हजार तीनशे पस्तीस घनफूट. एवढी माती आज इथं आहे. पण पाटीतली माती मोकळी आणि फुगलेली असते, वर्षं गेली की ती बसते. चार घनफूट टाकावी तेव्हा तीन उरते. म्हणजे वाहिली तेव्हा ती एकवीस हजार सातशे ऐंशी घनफूट होती. एका पाटीत अर्धा घनफूट, म्हणून दुप्पट.

उत्तर आलं आणि मी ते दोनदा पुन्हा करून पाहिलं. त्रेचाळीस हजार पाचशे साठ. जमिनीच्या कामातल्या कुठल्याही कारकुनाला हा आकडा झोपेतही येतो, कारण एका एकरात बरोबर इतकेच चौरस फूट असतात. मापाच्या वहीत असा साफसुथरा आकडा आला, की तो कुणीतरी घरी बसून बनवलाय असं आम्ही धरून चालतो. पण मी माझ्या हातानं सात खड्डे मोजले होते.

"त्रेचाळीस हजार पाचशे साठ पाट्या," मी म्हणालो.

तात्यांना तो आकडा धरवेना. "इसानं सांगा."

"दोन हजार एकशे अठ्ठ्याहत्तर विसा."

तेही धरवेना. त्यांची बोटं नुसतीच हलली. मग मी म्हणालो, "तात्या, एक एकर जमीन डोळ्यांपुढं आणा. फूटभर लांब, फूटभर रुंद, अशा चौकटी तिच्यावर आखल्या आणि प्रत्येक चौकटीवर एक पाटी ठेवली, तर सगळा एकर भरेल. एकही चौकट रिकामी राहायची नाही."

ते भोसरीच्या दिशेनं पसरलेल्या माळाकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो एकर पाट्यांनी भरत होता, मला ते दिसत होतं.

"दहा गुंठ्यात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दहा गुंठ्यात."

मी वहीत नोंद केली. लांबी, रुंदी, खोली. शेवटचा रकाना असतो काम करणाऱ्याच्या नावाचा. तिथं मी लिहिलं: हौसाबाई.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, म्हणजे शेवट त्या रविवारी करता येईल. सोमवारी बुलडोझर आला. अठरा उन्हाळ्यांची माती सहा दिवसांत उचलली गेली आणि सायकल स्टँडखाली दाबून टाकली. आज तिथं सायकली लागतात. ओव्हरसियरसाहेबांनी वही तपासताना त्या पानावर थांबून विचारलं, "हे काम कुणाचं? आपलं नाही." मी म्हणालो, "चूक झाली साहेब." त्यांनी तांबड्या शाईनं पानावर काट मारली आणि मला दोन शब्द सुनावले. आणि तात्यांनी त्यानंतर कधीही, कुणालाही, कशाचीही खोली विचारली नाही. पुढच्या लग्नसराईत कुणी मांडव पन्नास बाय सत्तर म्हणालं की सगळे हसायच्या तयारीनं तात्यांकडं बघायचे. तात्या पत्रावळीकडं बघत बसायचे. गावानं एक गमतीचा म्हातारा गमावला आणि त्याच्या जागी दुसरा कुणी मिळाला नाही. पहार गंजली. मी दीड वर्षानं खोली सोडली, पण ती शेवटची दीड वर्षं मला त्या घरातली शांतता सोसत नव्हती.

तर तो रविवार. ऊन चढलं होतं. मी वही मिटली आणि म्हणालो, "चला तात्या."

ते उठले, पण घराकडं वळले नाहीत. घरून आणलेली ती जुनी पाटी उचलून ओढ्यात उतरले. तळाशी जरा ओल होती. त्यांनी कुदळीनं गाळ ओढून पाटी भरली. मी धावत खाली गेलो आणि पाटी घेऊ लागलो.

"तुमी घेऊ नका. निस्ती उचलून डोईवर द्या. म्यां बी तेवडंच करायचो."

मी उचलून दिली. ओल्या गाळाची पाटी भलतीच जड असते, आणि त्यांची मान लटपटली. काठ चढताना ते दोनदा थांबले, एकदा गुडघ्यावर आले, पण पाटी खाली ठेवली नाही. मी त्यांच्या मागं, पडलेच तर सावरायला दोन्ही हात पुढं धरून चालत होतो. बाकी काही मला सुचत नव्हतं. ते रान ओलांडून थेट लांबच्या बांधापर्यंत गेले, जिथं कमी पडली होती तिथं. पाटी आमच्या खड्ड्यात रिकामी केली. मग उभं राहून बराच वेळ नुसता श्वास घेतला.

"येक," ते म्हणाले.

मी रिकामी पाटी उचलून बांधावर ठेवली.

"अठरा वर्सांत म्यां कवा येक बी वाहिली न्हवती, भाऊसाहेब. किती जड आसती ते मला ठावंच न्हवतं."

पहार तिथंच बांधाशी पडली होती. त्यांनी ती उचलली, खड्ड्यातल्या त्या ओल्या गाळावर हलकेच टेकवली, आणि खूण न बघताच म्हणाले, "झालं गं. लई खोल झालं."

ते खाली बसले आणि तोंडावर मुंडासं ओढून रडले. मी जरा लांब जाऊन पाठ करून बसलो. मग वही उघडली आणि हौसाबाईंच्या खाली आणखी एक ओळ घातली. पाट्या, एक. काम करणाऱ्याचं नाव, नथू. नंतर घातलेल्या ओळीपुढं कारकुनानं सही करायची असते, ती केली.